समुद्राचाही सामू

गेल्या उन्हाळ्यात आमच्या देवगाव रंगारीत शेजारच्या अण्णांनी काळ्या रानाची माती तपासून घेतली. कागद आला तसे ते ओट्यावर आले. म्हणाले, "सामू ८.१ लिहिलाय. चांगला की वाईट?"

चुनखडीच्या काळ्या रानात एवढा सामू नवलाचा नाही, असे मी सांगितले. बोलता बोलता म्हटले, "अण्णा, समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामूही आज सरासरी एवढाच आहे."

अण्णा हसले. "समुद्राची कुणी तपासणी करतं का?"

करतात, मंडळी. आणि त्या तपासणीत जे दिसते ते आपणही जाणून घ्यावे असे आहे.

सामू सात म्हणजे मधला. त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. कोळसा आणि तेल जाळण्याचा जमाना सुरू होण्यापूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता. आता तो ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे पाणी आंबट झालेले नाही, ते अजून विम्लच आहे. पण सामूचे माप असे की एक पूर्ण अंक उतरला तर आम्लता दहापट होते. त्या हिशेबाने एवढ्याशा उतारानेही आम्लता सुमारे सव्वापट झाली.

हे झाले कशाने? हवेतल्या कार्बन डायऑक्साइड वायूने. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली हा वायू रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला. त्याच बेटांजवळच्या समुद्रात १९८८ पासून जवळजवळ दर महिन्याला बोट जाते आणि एकाच जागेचे पाणी तपासले जाते. हवेतला वायू जसा चढला, तसा पाण्यातलाही चढत गेला आणि सामू उतरत गेला.

माणसे जो वायू हवेत सोडतात त्याची चार पोती धरली, तर सुमारे एक पोते समुद्र घेतो. एकाहून थोडे जास्त झाडे आणि जमीन घेतात. उरलेले हवेतच राहते. समुद्राने हा भार उचलला नसता तर हवा आणखी तापली असती.

आता कुणी विचारील, आमच्या चुलीतल्या पऱ्हाटीचे काय? पऱ्हाटीने तो वायू त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. तो परत जातो, पुढचे पीक पुन्हा घेते. खरा भर पडतो तो कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कोळसा आणि तेल वर काढून जाळल्याने.

पाण्यात नेमके काय होते, ते घरी पाहता येते. चिमूटभर खायचा चुना तांब्याभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी काचेच्या पेल्यात काढा आणि तेवढेच साधे पाणी मिसळा. पपईच्या पानाच्या वाळक्या देठाने तिच्यात हळूहळू फुंका. पोरांना फुंकायलाच सांगा, निवळी तोंडात ओढायची नाही आणि डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. आपल्या श्वासातल्या वायूने निवळी दुधासारखी होते. तो पांढरा साका म्हणजेच शिंपल्याचा चुना. फुंकतच राहिलात तर पाणी पुन्हा निवळू लागते. वायू जास्त झाला की तोच चुना विरघळतो.

शिंपले, कालवे, पोवळी यांचे घर याच चुन्याचे. पाण्यात वायू वाढला की त्यांना घर बांधणे जड जाते. २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कालवांची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रांत पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. तळातून वर आलेले, जास्त वायूचे पाणी हे कारण निघाले. मग तिथे पाणी सतत तपासून टाक्यांत धुण्याचा सोडा मिसळू लागले. टाकीला सोडा घालता येतो, चोपण रानाला जिप्सम टाकता येते. समुद्राला काय टाकणार? आपल्या कोकणात ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे वेचून घर चालवणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या पुढचा हा प्रश्न आहे.

आपल्या अरबी समुद्राची गोष्ट थोडी निराळी. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्येचे वारे समुद्राचे वरचे पाणी बाजूला लोटतात आणि खालचे थंड, वायूने भरलेले पाणी वर येते. त्यामुळे वर्षाचा जमाखर्च मांडला तर हा समुद्र हवेला वायू देणारा निघतो. १९९० नंतरच्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी तो मोजला. पण हवेतला वायू वाढला तसा सामू त्याचाही उतरतो आहे. गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरच्या ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासत आले आहेत.

एका वर्षाच्या आकड्याने काही कळत नाही. पावसाळ्यात एक येतो, उन्हाळ्यात दुसरा. तीस-चाळीस वर्षे कुणी न कंटाळता लिहून ठेवले, तेव्हाच चाल दिसते. रानाचेही तसेच आहे. म्हणून अण्णांना सांगितले, हा कागद ट्रंकेत जपून ठेवा, दोन-तीन वर्षांनी त्याच रानाची माती पुन्हा तपासा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

अण्णांनी कागदावर तारीख घातली. जाताना म्हणाले, "माझं रान मी सुधारीन. समुद्राचं मात्र सगळ्यांनी मिळूनच बघायला हवं."