क्रीडांगण : एक डावा हात आणि ३८२ बळी

आपल्याकडे क्रिकेटचे जे कौतुक, तेच अमेरिकेत बेसबॉलचे. या खेळात चेंडू टाकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. ६० फूट ६ इंच अंतरावरून तो टप्पा न पाडता चेंडू टाकतो. फलंदाजाचा फटका तीनदा हुकला, किंवा खेळण्याजोगे चेंडू त्याने सोडून दिले, की तो बाद होतो. यास ‘स्ट्राइकआऊट’ म्हणतात. आपल्या गोलंदाजाने फलंदाजाचा त्रिफळा उडवावा, तसेच हे यश मुख्यतः पिचरचे असते. म्हणूनच हंगामाअखेर कोणी किती फलंदाज असे बाद केले, याचा हिशेब तेथील रसिक आवडीने ठेवतात.

१९६५ च्या हंगामातील हा हिशेब पाहण्यासारखा आहे. सेंट लुईसचा बॉब गिब्सन २७०, पिट्सबर्गचा बॉब व्हील २७६, क्लीव्हलँडचा सॅम मॅकडॉवेल ३२५. आणि या सर्वांच्या वर लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा सँडी कूफॅक्स : ३८२! रूब वॅडेलच्या नावावर १९०४ सालापासून असलेला ३४९ बळींचा उच्चांक त्याने फारच मागे टाकला.

हा खेळाडू उपजतच अचूक होता, असे मात्र नव्हे. १९५५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो संघात आला तेव्हा त्याच्या चेंडूस वेग होता, पण ताबा नव्हता. चार चेंडू वाया गेले की फलंदाजास पहिला तळ फुकट मिळतो. १९५८ साली सुमारे १५९ डावांत कूफॅक्सने असे १०५ तळ बहाल केले होते. १९६१ च्या सराव-मोसमात नॉर्म शेरी या सहकाऱ्याने त्यास सुचविले, की सारे बळ पणास लावू नकोस, थोडा जोर कमी कर. हा साधा सल्ला त्याने मानला. १९६५ साली सुमारे ३३६ डावांत त्याने दिलेले फुकट तळ अवघे ७१ होते.

परंतु याच वर्षी हंगामापूर्वी त्याचा डावा कोपर सुजला. सांध्यास संधिवाताने ग्रासले आहे, असे निदान झाले. औषधे घेऊन तो खेळे आणि सामना संपताच हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसे. जागतिक मालिकेतील पहिला सामना यहुद्यांच्या योम किप्पूर या पवित्र दिवशी आला, तेव्हा धर्माने यहुदी असलेला कूफॅक्स मैदानात उतरला नाही. संघ तो सामना हरला. निर्णायक सातव्या सामन्यात मात्र अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याने मिनेसोटा संघास एकही धाव घेऊ दिली नाही व विजेतेपद आणले.

पुढच्या वर्षी त्याने २७ सामने जिंकले, ३१७ फलंदाज असेच बाद केले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. कीर्ती व पैसा शिखरावर असताना त्याने हा निर्णय घेतला, कारण उरलेले आयुष्य त्यास धडधाकट हाताने जगावयाचे होते.

त्याचा उच्चांक १९७३ साली नोलन रायनने ३८३ बळी घेऊन मोडला, अवघ्या एकाने! विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजवर तोच आकडा अग्रस्थानी आहे.

कूफॅक्सच्या हाताची कथा अमेरिकेतील पालकांनी आता मनावर घेतलेली दिसते. ‘लिटल लीग’ या मुलांच्या संस्थेने २००७ पासून चेंडूंची मोजदाद सुरू केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू टाकावयाचे नाहीत, असा तेथील नियम आहे. आपल्या अंगणातही एखादा चिमुकला वेगवान गोलंदाज दिवसभर राबत असेल. त्याने किती गडी बाद केले, हे आपण हौसेने विचारतोच. त्याचा खांदा दुखतो काय, हेही संध्याकाळी विचारीत जावे.