करवलीचा घागरा

वधूच्या मागे शकुनाचा करा धरून उभी राहते ती करवली. पूर्वी घरातल्या एकाच मुलीला हा मान मिळे आणि एका नव्या साडीत तिची हौस भागे. आता करवल्यांचा ताफा असतो. मामेबहिणी, मावसबहिणी, कॉलेजातल्या मैत्रिणी अशा सगळ्याजणी हळदीला पिवळ्या, लग्नात शिवलेल्या नऊवारीत आणि रिसेप्शनला एकाच रंगाच्या घागऱ्यात!

अंबरनाथ-बदलापूरची मंडळी बस्ता बांधायला उल्हासनगरला उतरतात. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला हे नाव मिळाले. लष्कराच्या बराकींत संसार मांडलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे व्यापार उभा केला. गजानन मार्केटमध्ये तासभर फिरलो तरी लग्नसराईचा अंदाज येतो. पण स्वस्त म्हटले तरी एका घागऱ्याला समजा चार हजार पडले आणि तो एकदाच नेसला, तर एका संध्याकाळचे चार हजार झाले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला असले हिशेब सुचतात. घरच्या बायका त्यावर नाक मुरडतात, ते सोडा.

हिशेबापेक्षा मला दुसरी गोष्ट बोचते. ऐनवेळी ‘परीक्षा आहे’ म्हणून न येणारी एखादी चुलतबहीण प्रत्येक गोतावळ्यात असते. परीक्षा नसते, तीन समारंभांचे तीन पोशाख वडिलांकडे मागायची तिची छाती होत नाही. तिला कोणी ‘येऊ नकोस’ म्हणालेले नसते. फक्त रंग ठरवताना तिला कोणी विचारलेले नसते.

परदेशात वधूच्या सख्यांसाठी एक पोशाख मिळतो. त्याच्या कमरेला दोन लांब पट्टे असतात. ते खांद्यावरून, गळ्यामागून, हवे तसे गुंडाळायचे. एकाच कापडात जाड, बारीक, लाजरी, धीट अशा सगळ्या सामावतात. कल्पना चांगली आहे, पण आपल्याला तिचे नवल वाटायचे कारण नाही. साडी दुसरे काय करते? नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, कुठे कात्री नाही. काष्टा घाला, पदर कमरेला खोचा. नात्यातली कोणतीही बाई नेसू शकते.

शिवलेल्या नऊवारीची मात्र गोष्ट वेगळी. नाडी बांधली की पाच मिनिटांत तयार, बदलापूरहून लोकल पकडून हॉल गाठणाऱ्या मुलीला ती सोयीचीच. मी तिला नावे ठेवणार नाही. पण एकदा काष्टा कापून शिवला की त्याची पुन्हा साडी होत नाही, आणि वर्षभरात अंग भरले तर घालताही येत नाही. एका दिवसापुरती हवी असेल तर ती भाड्याने आणावी. चांगली काठपदराची साडी त्यासाठी कापू नये.

घागरा शिवायचाच असेल तर चोळी वेगळी ठेवावी, म्हणजे ती साडीवरही चालते. घागरा साध्या कुर्त्याखाली दिवाळीला निघतो, ओढणी कुठल्याही ड्रेसवर जाते. शिंप्याला चोळीच्या शिवणीत दोन बोटे माया सोडायला सांगावे. हल्ली घाईत ती सोडत नाहीत आणि पुढच्या लग्नात हूक लागत नाही.

फोटोत सगळ्या सारख्या दिसायला हव्यात, हा वधूच्या आईचा हट्ट समजण्यासारखा आहे. त्यासाठी तिनेच एका ताग्यातून सगळ्यांना ओढण्या फाडून घ्याव्यात आणि खाली ज्याच्या घरी जे आहे ते नेसू द्यावे. ओढणीचे पैसे मात्र कोणाकडून मागू नयेत.