शहराचा वाढदिवस

पुणं १५ फेब्रुवारी १९५० ला महानगरपालिका झालं, पिंपरी-चिंचवड ११ ऑक्टोबर १९८२ ला. आमच्या बारामतीची नगरपालिका १८६५ ची, या दोन्ही महापालिकांहून थोरली! परवा इंदापूरहून मामा आले होते. म्हणाले, "मग तुम्हालाही त्या दिवशी सुट्टी हवी."

मला नाही पटलं. शहरपण कागदावरच्या तारखेनं येत नाही. पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशींमुळे नि नळाला वेळेवर आलेल्या पाण्यामुळे येतं. सुट्टी द्यायचीच तर त्या मावशींना द्या, भरपगारी. त्या दिवशी आपापला रस्ता आपण झाडू. गुरुवारच्या बाजारानंतर एकदा झाडून बघा, मग कळेल शहर कोण चालवतं!

मामा हसले. म्हणाले, "झाडू मी आणतो." बघा, तुम्हाला पटतंय का.