खाऱ्या हौदांतील शेवाळ

अंधेरीस वर्सोव्याला १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तेव्हां खाऱ्या पाण्यांतील जीव पाळण्याची विद्या आमच्या वाचकांस अगदींच परकी नसावी. घरीं असा कांचेचा हौद ठेवणारांस शेवाळाचा त्रास फार होतो. कोणी तें खरवडतात, कोणी मोरचूद घालतात. आमच्या मतें दोन्ही उपाय चुकीचे आहेत. खरवडलेलें शेवाळ पुन्हा उगवतें आणि मोरचुदानें कोळंबीसारखे जीव मरतात.

शेवाळ हें हौदांतील तण होय. माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य यांतील नत्र व स्फुरद हेंच त्याचें खत. तें खत दुसऱ्या पिकास द्यावें, हा खरा उपाय. शेजारीं लहान हौद जोडून दोहींतून पाणी फिरतें ठेवावें आणि त्यांत चीटोमॉर्फा नांवाचें दोऱ्यासारखें हिरवें समुद्रशैवाल वाढवावें. त्यावर प्रखर विजेचा दिवा हवा. तो रात्रीं लावावा. मोठ्या हौदांत अंधार असतां जीवांच्या श्वसनानें कर्बद्विप्राणिल वायु वाढतो व पाणी आम्लतेकडे झुकतें. उजेडांतील शैवाल तो वायु शोषून घेतें.

परंतु नुसत्या दिव्यानें कार्य होत नाहीं. वाढलेलें शैवाल वेळोवेळीं कापून बाहेर काढावें. तेथेंच कुजल्यास शोषलेलें नत्र पुन्हा पाण्यांत मिसळतें. ज्यास कापणीचा कंटाळा आहे, त्यानें दिव्याचा खर्च करूं नये.