पत्र्याच्या पेटीतील इतिहास

स्मरणिका हाती येताच आपण प्रथम जुनी छायाचित्रे पाहतो. पहिल्या रांगेतील गुरुजन ओळखू येतात. मागच्या रांगेतील मुलांपाशी मात्र स्मरण अडते. ती नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, उद्या असतीलच असे नाही. समाजाचा इतिहास एका दिवसात नष्ट होत नाही. तो असा एकेका नावाने पुसला जातो.

आपल्या समाजाला ही हानी परवडणारी नाही. सरकारी दप्तरांत आपल्या पूर्वजांची नोंद झाली ती बहुधा इतरांच्या लेखणीने. आपली बाजू जपली ती मुख्यतः ध्येयवेड्या व्यक्तींनी. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्यभर पत्रे, कात्रणे, आठवणी जमवल्या, म्हणून बाबासाहेबांचे बारा खंडांचे चरित्र उभे राहिले. वसंत मून यांच्या संपादनामुळे १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने आपल्या हाती आली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना बोलते केले; त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या भेटी लांबणीवर पडल्या असत्या, तर अनेक आवाज कायमचे हरपले असते.

मात्र एकेका व्यक्तीच्या त्यागावर किती काळ विसंबायचे? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तेव्हापासून वसतिगृहांनी आपल्या पिढ्या घडवल्या. कोण कोणत्या गावाहून आले, वस्तीने वर्गणी कशी जमवली, भाकरी कोणी थापल्या, हे सारे आज घराघरांतील पत्र्याच्या पेट्यांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहे. घर नव्याने बांधताना तीच पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते.

म्हणून प्रत्येक निवासी शाळेत एक संग्रह कक्ष असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिलेला कागद परत मिळत नाही, ही अनेकांची भीती रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे: मूळ वस्तू कुटुंबाकडे, प्रत शाळेकडे. छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहावे. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. आजीची आठवण ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी; जे उघड करायचे नाही ते ठरवण्याचा अधिकार तिचाच.

आणि जमवलेले कुलूपबंद ठेवू नये. विद्यार्थ्यांनी ते हाताळावे, त्यावर लिहावे. ज्या गावाची आठवण, त्या गावालाही तिची प्रत मिळावी. जे कोणी पाहू शकत नाही, ते जपले काय आणि हरवले काय, सारखेच.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, पुढच्या मेळाव्याला येताना पुष्पहार आणू नका. एक जुने छायाचित्र आणा आणि त्यातील नावे सांगू शकणारे एक वडीलधारे माणूस सोबत घेऊन या.