वडील मंडळींचें घड्याळ

वृद्धास दिवसांतून दहादां वेळ विचारावी लागते, ही गोष्ट दिसण्यांत लहान. परंतु विचारणाऱ्याचा संकोच जाणणारे थोडे. दृष्टि मंदावली कीं परावलंबनास येथूनच आरंभ होतो. हिंगणघाटासारख्या गांवींही हल्लीं मुलें हौसेनें स्मार्टवॉच आणून वडिलांच्या मनगटीं बांधतात. त्यांतील सोयी मात्र क्वचितच दाखवितात.

ॲपलचें घड्याळ उदाहरणार्थ घेऊं. बोलून वेळ सांगण्याची सोय चालू असतां तबकडीवर दोन बोटें टेकवून धरावीं. तें वेळ सांगतें. सेटिंग्जमध्यें अक्षरें मोठीं करितां येतात. ‘झूम’ चालू असल्यास दोन बोटांनीं दोनदां टिचकी मारतांच पडद्यावरील सर्व कांहीं मोठें दिसतें. २०१८ सालच्या चौथ्या मालिकेपासून पडल्याचें ओळखण्याची योजना आली. वय ५५ वा अधिक नोंदविलें असल्यास ती आपोआप चालू होते. मनुष्य जोरानें पडून सुमारें मिनिटभर निश्चल राहिला, तर घड्याळ स्वतः तातडीच्या मदतीस फोन लावतें. मात्र साध्या घड्याळास जोडलेला आयफोन जवळपास लागतो.

परंतु हातांत नसलेलें घड्याळ कोणाचें रक्षण करणार? पुष्कळ घरीं तें चार्जिंगसाठीं रात्रीं उतरवितात, आणि अंधारांत न्हाणीघराकडे जातांना तोल जाण्याचें भय तेव्हांच. म्हणून चार्जिंग दुपारच्या विश्रांतीच्या वेळीं करावें.

नातवंडांनीं आजी-आजोबांजवळ बसून हें सर्व त्यांच्याच बोटांनीं करवून घ्यावें. एकदां दाखवून भागत नाहीं. पाढ्यांप्रमाणें आठ दिवस आवृत्ति हवी.