पहिलीचा वर्ग कुणाला द्यायचा?

माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं त्याला भारी वेड, आणि संघ रिचमंड. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, हातपाय दोन्ही चालतात. मला आधी हा गोंधळच वाटला होता.

रिचमंडने 2017, 2019 आणि 2020 ला विजेतेपद मिळवलं. मग उतरण लागली ती अशी की 2024 मध्ये फक्त दोन सामने जिंकून संघ तळाला गेला. डस्टिन मार्टिन निवृत्त झाला, शाय बोल्टन, डॅनियल रिओली दुसऱ्या संघांत गेले. या लीगमध्ये शेवटच्या संघाला नव्या मुलांतून पहिली निवड मिळते. रिचमंडने सॅम लॉलरला घेतलं, आणि त्याच्यासोबत त्याच वयाची आणखी बरीच पोरं.

या पोरांना घडवायला विकास प्रशिक्षक लागतात. भाचा म्हणतो, "मामू, जुना स्टार आणायला पाहिजे, पोरं त्याचं ऐकतील." मला हे पटत नाही.

शाळेत बघा. नावाजलेला शिक्षक दहावीला, कारण निकाल तिथे दिसतो. पहिलीला जो उरेल तो. पुढे सातवीत मूल अडखळत वाचतं तेव्हा सगळे सातवीच्या मास्तरला धरतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ज्याला भाषा घरातूनच आली, त्याला पोराचं नेमकं कुठे अडतंय हे पुष्कळदा कळतच नाही. स्टार खेळाडूचंही तसंच. चेंडू त्याच्या हातात आपोआप बसायचा, तो सांगणार काय?

मी असतो तर शाळेत शिकवलेला, छोट्या लीगमध्ये राबलेला, राखीव संघाचा सामना शेवटपर्यंत बघणारा माणूस घेतला असता. तीन वर्षांचा करार दिला असता, आणि मुख्य संघ हरला म्हणून त्याला हात लावला नसता. क्लबला हे जड जातं, मान्य आहे. प्रशिक्षकांवरच्या खर्चाला लीगची मर्यादा असते. कोविडच्या वेळी ती खाली आणली तेव्हा कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पण पैसे कमी असतील तर आधी पहिलीचा मास्तर काढायचा, ही कुठली रीत?

त्याला घर सुटलेल्या पोराचं मनही वाचता यावं. नॉर्थ मेलबर्नने 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकच हंगाम खेळला आणि आपल्या ॲडलेडला, पोर्ट ॲडलेडकडे परतला. उलट बाचर हौली बघा. आपला दीन उघडपणे पाळणारा हा लेबनीज वंशाचा खेळाडू. एसेंडनमध्ये त्याचा जम बसला नाही; रिचमंडला आला आणि तिन्ही विजेतेपदांत खेळला.

रिचमंडचे सध्याचे मुख्य प्रशिक्षक अडेम ऊझे स्वतः मेलबर्नकडून 271 सामने खेळले. पण 2008 मध्ये खेळ थांबल्यावर मुख्य खुर्ची मिळाली ती 2024 च्या हंगामासाठी. मधली बरीच वर्षं हॉथॉर्न आणि मेलबर्नमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली गेली. शिकवणं शिकायलाही उमेदवारी करावी लागते, हे त्यांना कुणी सांगायला नको.

2025 ला संघ पाच सामने जिंकला. भाच्याने निराश होऊन गुणतक्ता पाठवला. मी त्याला लिहिलं, तो राहू दे बाबा, राखीव संघात या आठवड्यात कोण कसं खेळलं ते कळव.